खतकश

दिल्लीच्या आर. के. पुरममधील आमच्या सरकारी निवासस्थानापुढे, कडुनिंबाच्या सावलीत, रविवारी सकाळी कबाड्याची हातगाडी उभी राहते. तिच्यावरील रद्दीच्या गठ्ठ्याखालून एकदा शिसवी लाकडाची एक वस्तू माझ्या हाती आली. मुठीत मावेल असा ठोकळा, त्याच्या पोटातून आरपार गेलेली वीतभर चौकोनी दांडी, ती जागच्या जागी आवळून धरणारी पाचर आणि दांडीच्या टोकाशी एक रिकामे छिद्र, एवढाच तिचा संसार. विणकराच्या मागाचा हा अवयव असावा की एखाद्या वाद्याचा, या विचारात मी ती कित्येक दिवस हाताळत राहिलो. परंतु ठोकळ्याची एकच बाजू आरशासारखी गुळगुळीत झिजलेली होती, आणि ती झीज कोणत्या दीर्घ सहवासाची, हे मला उलगडेना.

अखेर शेजारच्या महंमदपूरमधील एका वृद्ध सुताराने ती पाहताच, हरवलेला सोबती भेटावा तशा स्वरात म्हटले, "साहब, यह तो खतकश है!" रिकाम्या छिद्रात त्याने पोलादी खिळा बसवला, पाचर ठोकली, ती गुळगुळीत बाजू फळीच्या कडेशी दाबून धरली आणि हात पुढे सरकवला, तत्क्षणी कडेला समांतर अशी केसाएवढी रेघ लाकडावर उमटली. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. ही रेघ म्हणजे प्रत्यक्ष चर, ज्यात पटाशीची धार अचूक बसते. कुसू आणि खाच यांची मापे एकाच खतकशाने आखली, म्हणजे जोड घट्ट बसतो.

फारसीत खत म्हणजे रेघ, लेखन. कश म्हणजे ओढणारा. करवत ओढणाऱ्याला आपण आराकस म्हणतो, तो याचाच भाऊबंद. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही खरेदीखत, गहाणखत आणि दस्तखत आमच्या दप्तरांत नांदतच राहिले. दस्त म्हणजे हात. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांवर पंचवीस वर्षे मी जे करीत आलो, ते दस्तखत म्हणजे हाताने ओढलेली रेघच होय, आणि तो सुतार व मी एकाच धातूचे काम करीत आलो आहोत, या जाणिवेने माझे मन भरून आले.

मी त्याला विचारले, जोड बसल्यावर रेघेचे काय होते? उत्तरादाखल त्याने फळीवर रंधा फिरवला. रेघ ढलप्यांबरोबर गळून पडली. पृष्ठभाग निर्मळ झाला. माझ्या सहीचे कागदही असेच कुठल्याशा अभिलेखागारात विसावले असतील. मात्र महिन्याच्या अखेरीस कुणा वृद्धेच्या हाती निवृत्तिवेतन पडते, आणि तिला माझे अक्षर कधीच दिसलेले नसते.

सोमवारी कचेरीत पहिल्या प्रकरणावर दस्तखत करताना माझा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला.