तीन पायऱ्या

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण हे इंग्लिश सेक्शनला दिलं असतं तर आजीला वाचता आलं नसतं.

आमच्या घरामागच्या बागेचं दोन वर्षांपूर्वी 'सुशोभीकरण' झालं. कारंजं आलं, रंगीत पेव्हर ब्लॉक आले, आणि गेटपाशी तीन ऐटबाज ग्रॅनाइटच्या पायऱ्या. गुडघ्यांमुळे आजीचं फिरणं त्या दिवसापासून बंद. तक्रार नाही काही. "टीव्ही बघते की," एवढंच.

थर्ड इयरला सरांनी न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क शिकवलं. 1858 च्या आराखड्यात ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले, का, तर फिरणाऱ्यांच्या मध्ये गाड्या येऊ नयेत. बाकीचे नोट्स उतरवत होते, मला आजी आठवत होती.

दिवाळीच्या सुट्टीत टेप घेऊन बागेत गेले. पायऱ्यांची उंची 45 सेंटिमीटर. रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे लांबी 5.40 मीटर. सरळ काढला तर थेट रस्त्यात! ड्रॉइंग तीनदा खोडलं. शेवटी माळीकाका म्हणाले, "ताई, मेंदीच्या कडेनं वळवा की. लोकं सायकली तिथूनच नेतात." खरंच, गवतात चाकांची वाट पडली होती. (दोन सेमिस्टर सर्व्हेइंग करून मला दिसली नव्हती.)

ड्रॉइंग जोडून अर्ज दिलाय. साहेब म्हणाले, पुढच्या एस्टिमेटमध्ये बघू. होस्टेलवर आजीचा फोन येतो, "झाला का गं तुझा उतार?"