चांदसैली घाटाच्या पलीकडे

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, नर्मदेच्या दक्षिण तीरावर नंदुरबार जिल्ह्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके आहेत. सरदार सरोवराच्या बुडितात राज्यातली ३३ गावे आली, ती सारी या दोन तालुक्यांतली. काही कुटुंबे खाली तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली, तर काही पाण्याच्या वर सरकून डोंगरउतारावरच राहिली. एकेका गावाचे असे दोन तुकडे झाले आणि दोन्हीकडचे आरोग्याचे प्रश्नही निराळे झाले.

प्रस्तुत लेखकाचा प्रवास तळोद्याहून सुरू झाला. या परिसरात सोमावल, रोझवा, नर्मदानगर अशा पुनर्वसित वसाहती आहेत. इथून दवाखाना जवळ आहे आणि रस्ता बारमाही आहे. मात्र नदीचे मासे आणि रानातली भाजी ताटातून गेली. जे पूर्वी फुकट मिळे ते आता आठवडे बाजारातून आणावे लागते. पुनर्वसनाच्या हिशेबात जमीन मोजली जाते, घर मोजले जाते. ताट कुणी मोजत नाही.

तळोद्याहून धडगावला जाणारा जवळचा रस्ता चांदसैली घाटातून चढतो. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात. सप्टेंबर २०२१ मध्ये घाट असाच बंद असताना चांदसैलीचा एक माणूस आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघाला होता. वाटेतच तिचा मृत्यू झाला. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. पण ती रस्ता संपतो तिथपर्यंतच येते. तिथून वर पाड्यापर्यंत आजही बांबूला बांधलेली झोळी आणि चार खांदे लागतात.

अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण धडगाव. ग्रामीण रुग्णालय इथे आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी सरकारी निकष सैल केलेले आहेत: सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, इथे ३,००० मागे, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ऐवजी २०,००० लोकांमागे. कागदावर ही सवलत मोठी दिसते. प्रत्यक्षात पावरा आणि भिल्ल वस्ती एकगठ्ठा नसते. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर. एका पाड्याच्या दोन टोकांमध्ये दरी असू शकते आणि एका परिचारिकेचा अख्खा दिवस दोन-तीन घरांत संपू शकतो. लोकसंख्येवर बेतलेला निकष अशा मुलखात अपुरा पडणारच.

१९९५ च्या नवसंजीवनी योजनेतून फिरती वैद्यकीय भरारी पथके आली आणि पावसाळ्यापुरते पाडा स्वयंसेवक नेमले जाऊ लागले. जिल्ह्यात अरुंद वाटांसाठी बाइक ॲम्ब्युलन्सही आली. या साऱ्यात सर्वांत शहाणी योजना माहेरघराची. बाळंतपणाच्या काही दिवस आधीच गरोदर बाईला आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत आणून ठेवायचे. सोबत लहान मूल आणि एक नातेवाईक राहू शकतो, जेवण मिळते, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई होते. कळा सुरू झाल्यावर झोळी बांधण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. अडचण उरते ती घरची: शेळ्या-कोंबड्या कोण पाहणार, आणि सासू हो म्हणेल का? बाई येते की नाही, हे पुष्कळदा आशाताईच्या गोड बोलण्यावर अवलंबून असते. तिच्या या कामाला सरकारी तक्त्यात रकाना नाही.

सिकलसेल हा या भागातला आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडा-सांध्यांत असह्य कळा येतात. चाचणी सोपी आहे. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया या गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो. पण गोळ्या वर्षानुवर्षे, खंड न पडता घ्याव्या लागतात आणि खंड पडतो तो नेमका पावसाळ्यात.

धडगावपासून पुढे भुषा गावापाशी रस्ता पाण्याला टेकतो. धरणाचे पाणी ओढ्या-नाल्यांतून आत शिरले आहे. पूर्वीच्या काठाकाठाच्या पायवाटा त्याखाली आहेत, म्हणून शेजारच्या पाड्यालाही होडीने जावे लागते. इथे तरंगते दवाखाने चालवले गेले: बोटीवर डॉक्टर, परिचारिका, औषधे. लस मात्र बोटीतही २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते. बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा होडीच्या प्रवासापुरता थंड राहतो, पण गोवराची लस एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, आणि घरे तर काठापासून वर चढणीवर. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत अलिगाट आणि दादर या पाड्यांतल्या बाळांपर्यंत पोचत होती. तिचे कौतुक झाले ते योग्यच. पण सेविकेला स्वतः होडी वल्हवावी लागते, हे व्यवस्थेचे अपयशही आहे.

दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात. लसीचे डोस चुकतात, बाळाचे वजन नोंदवले जात नाही. ही माणसे परततात ती होळीला. आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात आणि डोंगरातले जवळजवळ प्रत्येक कुटुंब तिथे उतरते. राहिलेल्या बाळांसाठी लसीकरणाचे जादा सत्र लावायचे असेल, तर ते याच आठवड्यात आणि बाजाराच्या गावीच लावावे.