काबीज आणि खालसा

मालवणच्या धक्क्यावरून समोर सिंधुदुर्ग दिसतो. 1765 साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. पुढच्याच वर्षी रक्कम घेऊन करवीर दरबाराला परत दिला. 1812 च्या तहात किल्ला इंग्रजांकडे गेला तो गेलाच, पण ऑगस्टस कुणाच्या तोंडी बसला नाही. मालवणात नुसतं 'किल्लो' म्हटलं की पुरतं.

•

'खालसा'. मूळ अरबी, अर्थ शुद्ध, निर्भेळ. महसुलात खालसा गाव म्हणजे ज्याचा सारा थेट सरकारात जातो, मध्ये इनामदार नाही, जहागीरदार नाही. म्हणून इनाम खालसा करणं म्हणजे दिलेलं परत घेणं. 1848 साली साताऱ्याचं राज्य 'खालसा झालं' असं आम्ही शाळेत घोकलं. कंपनीचं म्हणणं तेच होतं: हे राज्य 1819 साली आम्हीच दिलं, वारस नाही, आता परत घेतो. म्हणजे हा शब्द उच्चारला की छत्रपती इनामदार ठरतात आणि डलहौसीचा दावा आपल्याच तोंडून मान्य होतो. मला हे फार उशिरा उमगलं. जुनी माणसं 'राज्य बुडालं' म्हणत. मला तेच खरं वाटतं.

•

'काबीज'. पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली, सत्तरी आणि 1788 साली पेडणे घेतलं. तो मुलूख गोव्यात 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रदेशाच्या नावातच तो कसा मिळाला हे लिहिलेलं. तेरेखोलचा किल्ला त्याआधी, 1746 साली गेला. नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या रेडीला लागून असूनही तो गोव्यातच.

याच धातूतून 'कब्जा' आणि जमिनीच्या कागदांतला 'कबजेदार'. मूठ आवळणं हा मूळ अर्थ.

•

1948. सावंतवाडी संस्थान 'विलीन' झालं. मीठ पाण्यात विरावं तसा शब्द.

19 डिसेंबर 1961. आपल्यासाठी गोवा मुक्त झाला. लिस्बनसाठी ते आक्रमण होतं. तिथल्या सरकारने भारताचा हक्क मानायला 1974 उजाडलं.

•

कब्जा, ताबा, जप्ती, खालसा: सगळे दरबारी कागदांतून आलेले. गावच्या बोलीत दुसऱ्याची जमीन 'गिळल्यान' म्हणतात. पावसाळ्यात किनारा ढासळला की तसंच, 'दर्यान माड खाल्ल्यान'.