तारीख मागणारा काळ

प्रशासनावरील लेखनात इंग्रजी व्याकरणातील काळांचे प्रकरण कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. क्रियापद वर्तमानकाळी आहे की भूतकाळी, याची चिंता शाळेतल्या गुरुजींनी करावी आणि सरकारी अधिकाऱ्याने फायली निकाली काढाव्यात, हे म्हणणे वरवर रास्तही वाटते. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत, महाराष्ट्राबाहेरच्या निरनिराळ्या राज्यांत, जवळजवळ तीन दशके घालविल्यावर माझे मत असे बनले आहे की, सामान्य माणसाचे काम पुष्कळदा नियमापाशी अडत नाही, ते क्रियापदापाशी अडते.

माझ्या पिढीच्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली २००० साली. त्यामुळे इंग्रजीचा एकही शब्द कानावर न पडलेली आम्ही मुले दहाव्या वर्षी ‘गो, वेन्ट, गॉन’ असे पाढ्यांसारखे घोकीत असू. गुरुजी फळ्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून बारा घरे आखीत. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार. काम सोपे होते, कारण मराठीच्या तासालाही असाच तक्ता असे. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी व्याकरणाची मांडणी बरीचशी इंग्रजीच्या धर्तीवर होत आली. साहजिकच दोन्ही तक्ते एकमेकांवर ठेवले की बरोबर बसतील, असे आम्हाला वाटे.

ते बसत नाहीत. चौथे घर तर उघडच वेगळे आहे. आपल्याकडे तेथे ‘तो रोज येत असे’ ही रीत आहे, इंग्रजीत तेथे पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेली क्रिया आहे. ‘मी वीस वर्षांपासून दिल्लीत राहतो आहे’ हे आपण सरळ वर्तमानकाळात सांगतो. इंग्रजीला मात्र त्या वीस वर्षांचा हिशेब क्रियापदातच हवा असतो, म्हणून तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हणावे लागते. शिवाय मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो आणि यायचा असतो तेव्हा ‘आलोच’ म्हणतो. भविष्यातील गोष्ट भूतकाळात सांगून समोरच्याला दिलासा देण्याची ही आपली जुनी सवय आहे. परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांना ‘आलोच’ म्हणणारा मनुष्य अर्धा तास का येत नाही, याचे कोडे पडते ते यामुळेच.

भविष्यकाळाचे घरही वाटते तितके सरळ नाही. आधुनिक व्याकरणकारांच्या मते इंग्रजी क्रियापदाच्या रूपात काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्य हे ‘विल’ आणि ‘शॅल’ या सहायक क्रियापदांच्या खांद्यावर बसून येते. त्यांतील ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा, तर ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही व्युत्पत्ती फार आवडावी अशी आहे. एका भविष्यात मर्जी आहे आणि दुसऱ्यात कर्ज! ‘आय’ आणि ‘वुई’बरोबर ‘शॅल’, इतरांबरोबर ‘विल’, एवढेच शाळेत पाठ केले होते. सेवेत आल्यावर कळले की, कायद्यात ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘मे’ म्हणजे मुभा.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे देशाने पाहिले आहे. १९६३ च्या राजभाषा अधिनियमात, २६ जानेवारी १९६५ नंतरही हिंदीच्या जोडीला इंग्रजीचा वापर चालू राहू शकेल, अशी तरतूद होती, आणि तेथे शब्द होता ‘मे’. येथे ‘मे’चा अर्थ ‘शॅल’सारखाच आहे, असे पंतप्रधान नेहरूंचे म्हणणे होते. मद्रास प्रांतातील विरोधकांना ते पुरेसे वाटले नाही. १९६५ च्या आरंभी तेथे मोठे आंदोलन झाले, माणसे दगावली. पुढे १९६७ च्या दुरुस्तीने हमी कायद्यात आली. हिंदीला राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करावेत आणि त्यांचा विचार करून संसदेच्या दोन्ही सभागृहांनीही ठराव करावा, तोवर इंग्रजी चालूच राहील. सहायक क्रियापदाबद्दलची शंका ही शब्दच्छलाची हौस नसते, हे त्यावरून ध्यानात यावे.

मात्र रोजच्या कारभारात सर्वांत अधिक नुकसान करतो तो पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे ‘हॅज बीन’चा काळ. त्याचा एक नियम शाळेत सर्वांनाच चुकवीत असे. भूतकाळातील निश्चित वेळ सांगणारा शब्द या काळाबरोबर येत नाही. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे मराठीत शुद्ध आहे, हिंदीतही चालते. इंग्रजीत मात्र ‘हॅव सेन्ट’ म्हटले की ‘यस्टरडे’ला प्रवेश नाही. पत्र केव्हा गेले याच्याशी या काळाला कर्तव्य नसते. ते गेलेले आहे आणि त्याचा परिणाम आज शिल्लक आहे, एवढेच तो सांगतो. भारतभरच्या कार्यालयांत ‘हॅज बीन सेन्ट ऑन’ असे लिहून पुढे तारीख टाकणारे लिपिक भेटतात. इंग्रजी शाळांत शिकलेले अधिकारी त्यांना हसतात. मला ती चूक नेहमीच प्रामाणिक वाटत आली आहे. आपल्या भाषेच्या वळणाने त्या माणसाने निदान तारीख तरी सांगितलेली असते.

काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्यात माझी नेमणूक असताना एका वृद्ध बाईंचा अर्ज माझ्यापुढे आला. त्यांचे पती एका केंद्रीय कार्यालयात चतुर्थ श्रेणीत नोकरीला होते. पतीच्या निधनानंतर चौदा महिने लोटले तरी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालेले नव्हते. अर्जाला त्यांनी त्या कार्यालयाकडून आलेली तीन उत्तरे जोडली होती. तिन्ही इंग्रजीत, तिन्ही निर्दोष, आणि तिन्हींत एकच वाक्य: प्रकरण संबंधित प्राधिकाऱ्याकडे ‘हॅज बीन फॉरवर्डेड’. शेजारच्या शाळेतील एका शिक्षकाकडून त्या प्रत्येक पत्राचा अर्थ समजून घेत. प्रत्येक वेळी तो सांगे, पाठवले आहे, आता येईल. या भरवशावर बाई वाट पाहत राहिल्या. मधल्या काळात कानातले विकून घरभाडे भरले, असे अर्जाच्या शेवटी एका ओळीत लिहिले होते.

कागदपत्रे मागविली तेव्हा प्रकार उलगडला. प्रकरण खरोखरच पाठविले गेले होते, पण पहिल्याच महिन्यात आणि एकदाच. पतीच्या सेवापुस्तकात बाईंचे नाव एका ठिकाणी एक तऱ्हेने व दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असल्याने ते आक्षेपासह परत आले, आणि परत आलेला कागद मूळ नस्तीला लावून नस्ती कपाटात ठेवली गेली. पुढची दोन उत्तरे पहिल्या उत्तरावरून उतरविलेली होती. कोणी खोटे बोलले होते काय? शब्दशः पाहता, नाही. पाठविलेले होतेच. ते केव्हा पाठविले, हे सांगण्याची सक्ती त्या वाक्यात नव्हती, आणि त्या सक्तीच्या अभावात तेरा महिने मावले.

नावातील तफावतीसाठी प्रतिज्ञापत्र घेऊन ते प्रकरण पाच आठवड्यांत मार्गी लागले, थकबाकीही मिळाली. त्यानंतर माझ्या शाखेत मी सांगितले की, नागरिकाला जाणाऱ्या उत्तरात प्रत्येक कृतीची तारीख आणि ती कोणाकडे गेली त्याचे पदनाम आले पाहिजे. तेव्हा नुकतीच निवड परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेली एक सहायक संकोचाने म्हणाली, “सर, ‘हॅज बीन’च्या वाक्यात तारीख घालता येत नाही. आमच्या परीक्षेत चूक शोधा म्हणून हाच प्रश्न असतो.” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. मी विचारले, मग तारीख घालायची असेल तर वाक्य कसे होईल? क्षणभर थांबून ती म्हणाली, “‘वॉज फॉरवर्डेड’. साधा भूतकाळ, सर.”

तिच्या त्या उत्तराने व्याकरणाचा आणि प्रशासनाचा तंटा एकदम मिटला. साधा भूतकाळ तारखेला जागा देतो, इतकेच नव्हे, तो तारीख मागतो. ‘वॉज फॉरवर्डेड’ असे नुसतेच लिहिले की वाक्य उघडे पडते, वाचणारा लगेच विचारतो, केव्हा? आणि तारीख लिहिली की पुढचा प्रश्न अटळ होतो, त्यानंतर काय झाले? १२ मार्चला पाठवलेल्या प्रकरणाविषयी नोव्हेंबरात उत्तर लिहिताना लिपिकाच्याच लक्षात येते की, मधले आठ महिने कोठे गेले ते शोधले पाहिजे. पत्र सही होण्याआधीच चौकशी सुरू होते. पुढील काही महिन्यांत आमची उत्तरे लहान झाली आणि दूरध्वनी अधिक होऊ लागले, कारण तारखांमधली भगदाडे नागरिकाला दिसण्यापूर्वी आम्हालाच दिसू लागली.

मराठीतून कारभार चालला तर हे दुखणे आपोआप बरे होईल, असेही नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, आणि तेव्हापासून मराठीने ‘पाठविण्यात आले आहे’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ ही रूपे मोठ्या प्रमाणावर रूढ केली आहेत. आपल्या व्याकरणाची तर तारखेला मुळीच आडकाठी नाही. ‘१२ मार्च रोजी पाठविण्यात आले आहे’ हे वाक्य सर्वथा शुद्ध आहे. म्हणजे इंग्रजीतील लिपिकाला निदान व्याकरणाची सबब आहे, मराठीत तीही नाही. ‘करण्यात येत आहे’ हा तर काळाबाहेरचाच काळ. त्याला आरंभ नाही, अंत नाही आणि कर्ताही नाही.

गंमत अशी की, पैशाच्या बाबतीत सरकार काळाविषयी अत्यंत काटेकोर असते. केंद्रीय अर्थसंकल्पाची कागदपत्रे पाहा. गतवर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज, असे चार रकाने शेजारी शेजारी असतात. काय झाले, काय होईल असे वाटले होते, आता काय होईलसे वाटते आणि पुढे काय व्हावे, हे चार वेगळे काळ आहेत. अंदाजाचा आकडा कोणी प्रत्यक्षाच्या रकान्यात लिहिला तर लेखापरीक्षक त्याला सोडणार नाही. आकड्यांना लावलेली ही शिस्त आपण वाक्यांना का लावू नये?

माहितीचा अधिकार २००५ साली आला आणि नागरिकांनी ही शिस्त स्वतःच लावावयास आरंभ केला. जाणते अर्जदार ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे विचारीत नाहीत. अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे गेला आणि त्याच्याकडे किती दिवस राहिला, असे ते विचारतात. तीस दिवसांत द्यावयाच्या त्या उत्तरात पूर्ण वर्तमानकाळाचा निभाव लागत नाही. ई-ऑफिसमध्ये तर फाइलीच्या प्रत्येक हालचालीची वेळ आपोआप नोंदली जाते. मात्र ही नोंद कार्यालयाच्या पडद्यावर असते. नागरिकाच्या हाती पडते ते पत्र, आणि पत्रातले वाक्य आजही माणूसच निवडतो.

म्हणून परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. बँक असो, भविष्यनिर्वाह निधी असो वा मुलाच्या दाखल्याचे काम असो, ‘हॅज बीन’चे उत्तर हाती आले की त्यावर समाधान मानू नये, रागावूही नये. उलटटपाली एका ओळीत एवढेच लिहावे: कृपया ही कृती साध्या भूतकाळात कळवावी. हे वाक्य फारच पंतोजी वळणाचे वाटले, तर नुसती तारीख विचारावी. दोन्हींचा अर्थ एकच.