गुहागर-विजापूर रस्त्यावरची टिपणं

आमच्या कडेगावावरून जाणाऱ्या रस्त्याचं एक टोक विजापुरात आहे आणि दुसरं गुहागरच्या किनाऱ्यावर. आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झालाय, तरी बोलताना अजून गुहागर-विजापूर रोडच. दुष्काळी जत आणि मुसळधार कोकण एकाच डांबरावर आहेत. पण हा रस्ता सलग बघितलेली माणसं आमच्याकडं थोडी. पूर्वेला जायचं ते सोयरीक आणि जत्रेसाठी, पश्चिमेला फार तर कराडपर्यंत, दवाखान्याच्या कामाला. नाताळच्या सुट्टीत ठरवलं की जतपासून समुद्रापर्यंत सगळ्यांनी मिळून जायचं: आण्णा, आई, आम्ही दोघं, पोरं आणि जतकडची आत्या. आत्यानं समुद्र बघितलेला नव्हता.

*

आदल्या रात्री मुक्काम आत्याकडं, उमदीच्या अलीकडं. सून ‘ऊटा माड्री’ म्हणाली आणि ताटं आली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलेलं वांगं, घट्ट दही. आत्या सुनेशी कन्नडात बोलते, आमच्याशी मराठीत आणि नातवाशी दोन्ही मिसळून. पोरं पहिल्यांदा बुजली, मग तासाभरात ‘बा’ आणि ‘होगु’ म्हणायला लागली.

वाड्याशेजारी माडग्याळ मेंढ्यांचा खांड होता. बाकदार नाकाची, उंच मेंढी. ही जात याच तालुक्यातली, नाव माडग्याळ गावावरून. कमी चाऱ्यावर आणि लांबच्या चालीवर टिकणारं जनावर.

*

जतला वर्षाचा पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा परतीचा. म्हणजे आषाढ-श्रावणात ढग डोक्यावरून जायचे आणि माणसांनी भाद्रपदाची वाट बघायची. आत्याच्या रानात बोअर आठशे फुटांवर गेलंय. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलं, पूर्वेकडची गावं मागं राहिली. त्यांच्यासाठी विस्तारित म्हैसाळ योजना आहे. ‘मी नांदाया आले तवापास्नं पानी येनार हाय,’ आत्या म्हणाली. हे तिनं रागानं म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. एक पिढी वाट बघण्यात जाणं ही किरकोळ गोष्ट नाही.

*

जत, नागज, भिवघाट. मोकळं माळरान, बाभळी, कुठं डाळिंबाची बाग, कुठं ठिबकवरची द्राक्षं. नागज-ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या. शाळू पोटरीत आलेला. आण्णांनी गाडी थांबवायला लावली, बांधावरून वाकून मातीचं ढेकूळ हातात घेतलं, चुरलं आणि म्हणाले, ‘वल हाय अजून.’ एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

*

विटा. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाई व्यवसायात देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारात एखादं तरी दुकान आपल्या माणसाचं निघतं. या मातीत पीक नव्हतं म्हणून भट्टीपुढं बसायला गेली. माझ्या चुलतभावानं समुद्र बघितला तो कोचीला, गलाईच्या कामावर असताना. गुहागर त्याच्या घरापासून एका दिवसावर आहे, पण त्यानं ते अजून बघितलेलं नाही.

*

येरळेचा पूल. पात्रात पाणी कमी, झुडपंच जास्त. याच नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण बांधायला घेतलं. मुक्ती संघर्ष चळवळ त्यांच्या पाठीशी होती. वाळू उपशानं नदी मरते, हे त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. ठेकेदारांचा उपसा अडवला, आणि मोजकीच वाळू गावानं विकून त्या पैशाचा आधार धरणाला केला. पाण्याचा वाटा घरटी सारखा, भूमिहीनालाही, असा त्यांचा आग्रह होता. धरण लहान आहे, पण पाणी कोणाचं या प्रश्नाला एवढं सरळ उत्तर मला दुसरीकडं सापडलेलं नाही. पोरांना हे सांगितलं तेव्हा धाकटीनं विचारलं, ‘मग सगळीकडं असंच का करत नाहीत?’ त्यावर गाडीत बराच वेळ वाद चालला.

*

कडेगाव. घरी चहा, पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या, आईनं धपाट्यांचा डबा उचलला. आत्याला मोहरमच्या ताबुतांची जागा परत बघायची होती. लहानपणी ती वडिलांच्या खांद्यावर बसून ते उंच ताबूत बघायची. आमच्या गावात ताबूत मुसलमानांचे तसे हिंदूंचेही.

*

सुर्ली घाट उतरला की रंग बदलतो. ऊस सुरू. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर पडलेलं पाचट. कारखान्याचा हंगाम असल्यानं गाडी गोगलगायीसारखी.

डाव्या अंगाला, कृष्णाकाठी टेंभू. आगरकरांचा जन्म इथला, १८५६चा. आणि आमच्या तालुक्याला जगवणारी टेंभू उपसा योजना इथूनच सुरू होते. बंधाऱ्याजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडं न्यायचं. मी शाळेत असताना उन्हाळ्यात गावात टँकर यायचा. आता आवर्तन सुटलं की तळी भरतात, विहिरींना पाझर येतो, आणि कडेगावात ऊस दिसतो. उसाबद्दल मला काळजी वाटते. चढवून आणलेलं पाणी एवढ्या तहानलेल्या पिकाला घालणं, आणि पुढं जतला पिण्याची ओढाताण, हे मनाला पटत नाही. आण्णांचं म्हणणं वेगळं: ‘दर हमी फक्त उसाला हाय. दुसरं पीक लावून बाजारात रडायचं का?’ त्यांचंही खरं आहे.

*

कराडला प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथं. त्यांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या देवराष्ट्रेत, १९१३ साली. आत्या नदीला हात जोडून पायरीवर बसली आणि उठेना.

*

पाटणनंतर डोंगर जवळ येतात. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जतच्या दहापट. सकाळी जत सोडलं आणि दुपारच्या जेवणाला इथं.

कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पूर्वेला जातच नाही. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला सोडतात, पोफळीच्या भूमिगत वीजघरात पाडतात, आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. कोयना प्रकल्पाच्या सगळ्या वीजघरांची क्षमता मिळून १९६० मेगावॉट. टेंभूचे पंपही विजेवरच चालतात. पश्चिमेला पाणी पडतं तेव्हा राज्याला वीज मिळते, आणि वीज खर्चून आम्ही पूर्वेला पाणी चढवतो. हे समजून घ्यायला शाळेतल्या नकाशापेक्षा हा रस्ता बरा.

धरणासाठी उठलेली गावं मात्र कोणत्याच टप्प्यात मोजली जात नाहीत. काही माणसं सांगली-सोलापूरच्या कोरड्या माळावर आली, काही रायगड-ठाण्यात गेली. ज्यांनी पाणी दिलं त्यांतले कितीतरी जण पाण्यापासून लांब जाऊन बसले, आणि पुनर्वसनाचे अर्ज नातवंडांच्या हातात आले. याचा हिशेब आधी व्हायला हवा होता.

*

११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आण्णांना आठवतो. पहाटेची वेळ, फळीवरची पितळी भांडी खाली, गोठ्यात बैलांची धडपड. सगळं गाव थंडीत अंगणात बसून राहिलं. कोयनेचं काय झालं हे नंतर कळलं. कोयनानगर सोडताना ते हे पोरांना सांगत होते, आणि पोरं मागं वळून डोंगराकडं बघत होती.

*

कुंभार्ली घाट. समोरून जांभ्या दगडाचे ट्रक, बर्फाचं पाणी गळणारे मासळीचे टेम्पो. वळणावळणाला हवा दमट होत गेली. आईनं शाल काढली, मग स्वेटर काढला.

*

चिपळूण. भर मे महिन्यातही वाशिष्ठी इथं वाहती असते, ती वीजघरातून सुटलेल्या कोयनेच्या पाण्यामुळं. याच शहरानं २२ जुलै २०२१चा पूर सोसला. चहाच्या टपरीवाल्यानं भिंतीवर हात उंच करून पाणी कुठवर होतं ते दाखवलं. आत्यानं त्या जागेला बोट लावून बघितलं.

*

शृंगारतळी, मोडकाआगर, मग गुहागर. व्याडेश्वराच्या देवळामागून गल्लीतून बाहेर पडलं की सुरूची झाडं आणि लांबच लांब वाळू. पोरं पळाली. आण्णा धोतर वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. आत्या थोडा वेळ बघून मागं फिरली. मला वाटलं दमली. पण तिची नजर आम्ही उतरलो होतो त्या घरामागच्या विहिरीवर गेली होती.

*

समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची विहीर, आणि पाणी गोडं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यानं खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. त्यावरच इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या जगतात. आत्यानं काठावर वाकून विचारलं, ‘किती फुटावर लागलं?’

‘दहा-बारा,’ घरमालक म्हणाले. ‘पण मोटर जास्त नाही चालवत आजी. उपसलं की मचूळ होतं. आणि वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकरच.’

‘कोकनात टँकर?’

‘पाऊस पडतो तो उतारानं चार तासांत समुद्रात. अडवायला जागा हवी ना.’

आत्यानं तिच्या आठशे फुटांच्या बोअरचं सांगितलं. मालकांनी आतून बायकोला हाक मारली आणि आकडा परत सांगायला लावला. ती पोफळीच्या आळ्याला पाणी घालता घालता थांबली, विहिरीच्या कट्ट्यावर बसली आणि विचारायला लागली: मग पोरं शाळेत जायची का, कपडे कुठं धुता, जनावरांचं काय करता. आत्यानं १९७२च्या दुष्काळापासून सुरुवात केली. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची भाकरी. आण्णाही पाय पुसत येऊन बसले, आणि मधे मधे तिचं साल दुरुस्त करू लागले.