उलटा गड

फिनिक्सच्या परिसरात राहणाऱ्यांचं वर्ष बाकीच्या जगाच्या उलट चालतं. मे ते सप्टेंबर दारं-खिडक्या लावून घरात बसायचं आणि थंडी पडली की बाहेर पडायचं. 2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट किंवा त्याच्याही वर होता, म्हणजे 43 सेल्सियसच्या पुढे. त्या महिन्यात आमच्या धाकटीला संध्याकाळी सातनंतरसुद्धा सायकल काढता आली नाही. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपला की आमच्या घरी सहलींचा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात जिथे माणसं उष्माघाताने कोसळतात, त्याच कॅन्यनच्या मुलखात आम्ही बर्फ पडल्यावर जातो.

जानेवारीतला तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुट्टीचा असतो. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मिळतात आणि बहुतेक वर्षी ते संक्रांतीच्या आसपासच येतात. मग आदल्या रात्री ओट्यावर तिळाचा कूट आणि गूळ, आणि बैठकीच्या खोलीत बूट, लोकरीचे मोजे, कानटोप्या असा पसारा पडतो. सकाळी निघताना घराजवळ सग्वारो निवडुंग उभे असतात. दोन-अडीच तासांत फ्लॅगस्टाफ येतं आणि गाडी पाइनच्या जंगलात, बर्फात शिरलेली असते. समुद्रसपाटीपासून अकराशे फुटांवर राहणारी माणसं सात हजार फुटांवर पोचतात. तिथून पुढे दीड तास मात्र काहीच घडत नाही. सपाट पठार, खुरटे ज्युनिपर, सरळ रस्ता. इतक्या सपाट जमिनीत पुढे काही असेल असं कुणाला वाटणार नाही.

माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. आयुष्यभर साताऱ्यात शाळामास्तर, आणि रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचा हा नेम. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा होता, धाकटी सहा. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर गाडीतून उतरलो, चार पावलं चाललो आणि जमीन संपली. बाबांनी कठड्याला हात टेकले आणि बराच वेळ ते खाली बघत राहिले. लाल, पिवळे, जांभळट थर, त्यांच्या पायऱ्यांवर साठलेला बर्फ, आणि सुमारे दीड किलोमीटर खाली कुठेतरी कोलोराडो नदी. शेवटी म्हणाले, "हा उलटा गड आहे गं."

त्या वेळी मला ती उपमा वाटली. दुसऱ्या दिवशी कळलं की ते वाटेचा हिशेब सांगत होते.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या पायांना एक सवय असते. आधी चढायचं, दमायचं, माथ्यावर पिठलं-भाकरी आणि ताक, आणि मग उतरण. दमलेल्या माणसाला वाट आपोआप घरी आणते. मध्येच कुणाला झेपलं नाही तर वळायचं, खाली गाव असतंच. कॅन्यनमध्ये हे सगळं फिरतं. ताज्या पायांनी, हसत-खेळत उतरायचं. जितकं खाली जावं तितकी थंडी कमी होते. एकेक कपडा निघतो, ऊन अंगावर येतं, पुढचं वळण खुणावतं. दमल्याची जाणीव होते तेव्हा घर डोक्यावर असतं, आणि चढण सगळी शिल्लक. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं तिथले रेंजर प्रत्येकाला सांगतात.

आम्ही साउथ कायबॅब ट्रेलने निघालो. तिथपर्यंत खासगी गाडी जाऊ देत नाहीत, बसने जावं लागतं. सुरुवातीची वळणं कड्याच्या सावलीत, आणि बर्फ पायांनी तुडवून तुडवून काचेसारखा झालेला. बुटांवर चढवायचे लोखंडी काटे, मायक्रोस्पाइक्स, त्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. बाबांनी ते पायात चढवून दोन-तीनदा जमिनीवर आपटून पाहिले, जसे ते पावसाळ्याआधी नव्या चपलेचा तळ तपासायचे. मग वाटेच्या तोंडाशीच थांबून त्यांनी मला विचारलं, "परत किती वाजता फिरायचं?" मी म्हटलं, "बघू की बाबा, मुलं दमली की फिरू." ते म्हणाले, "मुलं दमल्यावर फिरून कसं चालेल? तेव्हा तर चढ सुरू होणार. वेळ इथे ठरव." साडेबारा ठरले.

दीड मैलावर, अकराशे फूट खाली, सीडर रिज नावाची सोंड आहे. खाली उतरण्याचा हिशेब केला तर साधारण अजिंक्यताऱ्याइतकी उंची. तिथे पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि मुलं टी-शर्टवर आली होती. तांबड्या मातीवर बसून आम्ही गूळपोळ्या खाल्ल्या. बर्फाळ कॅन्यनमधली शांतता मी दुसरीकडे कुठे अनुभवलेली नाही. डोक्यावरून डोमकावळा गेला तर त्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतो, हवा कापल्याचा, कोरड्या कापडासारखा. समोर एक निमुळतं शिखर होतं. त्याचं नाव विष्णू टेंपल आहे हे मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांना आधी खरं वाटेना. अमेरिकी भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन याला ही शिखरं पूर्वेकडच्या देवळांसारखी दिसली. 1882 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून विष्णू आणि शिव इथे येऊन बसले. पुढे तळाच्या सर्वांत जुन्या खडकांनाही विष्णूचंच नाव मिळालं. बाबांनी शिखराकडे बघून नमस्कार केला. चेष्टेने नाही. ते कुठल्याही शिखराला करतात.

साडेबारा वाजले. थोरल्याला पुढच्या टोकापर्यंत जायचं होतं, जिथून नदी दिसते. अजून दीड मैल. ऊन होतं, पाय ताजे होते, आणि पुढे जाणारी माणसं आमच्यादेखत हसत उतरत होती. तो रडकुंडीला आला. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं; इतक्या लांब आल्यावर नदी न बघता परतायचं? बाबा उठले, पाठपिशवी खांद्यावर घेतली आणि वरच्या दिशेने चालू लागले. वाद नाही, समजावणं नाही. आम्ही मागून निघालो.

चढायला आम्हाला सव्वातीन तास लागले. धाकटी पहिल्या अर्ध्या तासात बसली. बाबांनी तिला पुढे घातलं आणि सगळ्यांनी तिच्या मागून, तिच्याच चालीने चालायचं असा दंडक केला. शंभर पावलं मोजायची, थांबायचं, पाण्याचा एक घोट, तिळाच्या वडीचा एक तुकडा. या वाटेवर कुठेही पाणी नाही. जे असेल ते पाठीवर. मध्ये खेचरांचा तांडा आला. तळाशी फँटम रँच नावाचा मुक्काम आहे, तिथे ये-जा करणारी खेचरं. ती आली की माणसांनी डोंगराच्या अंगाला भिंतीला लागून उभं राहायचं, आवाज करायचा नाही आणि शेवटचं खेचर लांब जाईपर्यंत हलायचं नाही. धाकटीने तेवढी विश्रांती मनापासून घेतली. वरच्या वळणांवर पोचलो तोवर तिथलं ऊन गेलं होतं. दहा पावलांत हवा बदलली, घाम पाठीवर गार पडला, आणि पाणी प्यायच्या नळीत बर्फ जमला. जानेवारीत इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पण कड्याच्या सावलीत संध्याकाळ कितीतरी आधी उतरते. कड्यावर आलो तेव्हा पावणेचार झाले होते आणि सहा वर्षांच्या मुलीचे ओठ निळसर दिसत होते. गाडीत हीटरसमोर तिचे हात चोळताना मी हिशेब केला. नदी बघून आलो असतो तर याच वेळी आम्ही अजून मैलभर खाली असतो, आणि बर्फाची वळणं अंधारात चढावी लागली असती.

त्या दिवसापासून परतायची वेळ वरच ठरते. कुठल्याही कॅन्यनमध्ये, कितीही सोपी वाट असो.

एका वर्षी आम्ही युटामध्ये ब्राइस कॅन्यनला गेलो. आठ हजार फुटांवर, नारिंगी सुळक्यांची अख्खी वस्ती, प्रत्येकाच्या डोक्यावर बर्फाची टोपी. तिथे वॉल स्ट्रीट नावाची अरुंद घळ आहे; हिवाळ्यात तो भाग बंद ठेवतात, कारण दरडी कोसळतात. ब्राइसमध्ये वर्षातले सुमारे दोनशे दिवस असे असतात की पाणी रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं. खडकाच्या भेगेत शिरलेलं पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि भेग रुंदावतं. रोज थोडी. म्हणजे आपण जे बघायला जातो ते घडवायचं काम हिवाळा तेव्हा करतच असतो. उन्हाळ्यात येणाऱ्याला तयार मूर्ती दिसते. आम्हाला छिन्नीचा आवाज ऐकू आला. रात्री खरंच कुठेतरी दगड सुटून घरंगळत गेला आणि दोन्ही मुलं पांघरुणात उठून बसली.

बाबा दुसऱ्यांदा हिवाळ्यात आले तेव्हा पंचाहत्तरीचे होते. गुडघे गेलेले. खाली उतरायचा प्रश्नच नव्हता. मला वाटत होतं त्यांना वाईट वाटेल. थोरला सोळाचा झाला होता. तो आणि त्याचे वडील पहाटे ब्राइट एंजल ट्रेलने गेले, आणि मी, धाकटी आणि बाबा कड्यावर राहिलो.

कड्यावर यवापाई भूशास्त्र संग्रहालयापासून एक फरसबंद वाट निघते, ट्रेल ऑफ टाइम. जवळजवळ सपाट. जमिनीत दर मीटरला धातूची खूण बसवलेली आहे आणि प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. संग्रहालयापाशी आज, आणि चालत जावं तसं मागे. त्या त्या काळाचे खडक नदीपासून वरपर्यंतच्या थरांतून आणून वाटेच्या कडेला मांडले आहेत, हात लावायला. धाकटी मोजत पुढे निघाली. माणूसजात पहिल्याच मीटरमध्ये, एका फुटाच्या आसपास, आटोपली. कोलोराडो नदीने ही दरी कोरायला घेतली ते पाच-सहा पावलांवर. बाबा काठी टेकत हळूहळू येत होते. अचानक थांबले आणि म्हणाले, "आपला काळा पत्थर किती वर्षांचा?"

मी सांगितलं, सुमारे सहा कोटी साठ लाख. ते खुणा बघत पुढे गेले आणि सहासष्टाव्या मीटरवर उभे राहिले. "म्हणजे सह्याद्री इथे." ज्या दगडावर त्यांनी चाळीस वर्षं पाय ठेवले, तो लाव्हारसाचा दगड या वाटेवर सुरुवातीलाच येत होता. समोरच्या कड्याचा सर्वांत वरचा चुनखडक, ज्यावर आम्ही उभे होतो, तो सत्तावीस कोटी वर्षांचा, आणखी दोनशे मीटर पुढे. आणि विष्णू शिस्ट पावणेदोन किलोमीटरवर. बाबांनी ते पावणेदोन किलोमीटर चालायला सगळी सकाळ घेतली. जागोजागी बसत, थर्मासमधला आल्याचा चहा घेत. विष्णूच्या खडकाशी पोचल्यावर त्याच्यावर तळहात ठेवला. काळपट, चकाकणारा, बर्फासारखा गार. मग धाकटीला म्हणाले, "मागच्या वेळी मी नदीपर्यंत नेलं नाही ना तुम्हाला? हा घे, नदीतळचा दगड वर आलाय."

सात वर्षं ते हे मनात ठेवून होते.

ब्राइट एंजलवाले दुपारी परतले. वाटेत साडेचार मैलांवर जी हिरवी जागा लागते तिला आम्ही पूर्वी इंडियन गार्डन म्हणायचो. तिथे हावासुपाई लोक शेती करत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना तिथून काढलं, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिथलं शेवटचं माणूसही हलवलं गेलं. 2022 मध्ये त्या जमातीच्या मागणीवरून जागेचं नाव हावासुपाई गार्डन्स झालं. थोरल्याने हे जेवताना सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "आणि जमीन?" ती जागा परत मिळालेली नाही, 1975 मध्ये दुसरीकडची सुमारे 1,85,000 एकर जमीन त्यांना परत देण्यात आली. कोयनेच्या धरणात गावं गेलेली माणसं बाबांनी शाळेत मुलं म्हणून शिकवली आहेत. ते म्हणाले, "नाव परत येणंही काही कमी नाही. पण विचारत राहा." तेव्हापासून आमच्या घरात जुनं नाव कुणी घेत नाही.

आता बाबा साताऱ्यात असतात. गड त्यांच्या खिडकीतून दिसतो, चढणं थांबलं आहे. दर जानेवारीत आम्ही कड्यावरून फोन करतो. किती खाली गेलात हे ते कधीच विचारत नाहीत. किती वाजता फिरलात, एवढंच विचारतात.

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना लोक उन्हाळ्यात कॅन्यन दाखवतात, आणि ती बिचारी गर्दीत, उन्हात, कठड्यापाशी फोटो काढून परततात. त्यांना जानेवारीत न्या. उत्तर कड्याचा रस्ता तेव्हा बंद असतो, पण दक्षिण कडा वर्षभर उघडा आहे. गुडघे साथ देत नसतील तरी न्या. ती फरसबंद वाट बर्फ झाडून झाल्यावर काठी टेकत चालता येते, आणि यवापाईकडून निघालात तर सह्याद्री सहासष्टाव्या मीटरवर आहे.