सतरंजीची घडी आणि शो-फ्लो

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या सदर भागात समारंभाचं काम शिकायचं म्हणजे पहिला धडा सतरंजीचा. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, समोरासमोर चालत यायचं आणि घडी अशी घालायची की पुढच्या लग्नात ती अंधारात उलगडली तरी सुलट बाजूच वर यावी. मंगळवारी बाजारामागच्या एका गल्लीत बिछायत केंद्र होतं. त्याच्या मालकांना सगळी वस्ती चाचा म्हणायची. दहावीच्या सुट्टीत वडिलांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "घरी बसून पोट्टं बिघडून राहिलं, काही शिकवा याले." झाला माझा प्रवेश. ना अर्ज, ना शिफारसपत्र, ना मुदत.

माझी भाची आता त्याच सदरात, रेसिडेन्सी रोडला लागून असलेल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर इव्हेंटचं काम शिकते. मूळची वर्ध्याची, व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं. मुलं त्याला नुसतं ओजेटी म्हणतात. चार क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास कुणाच्या तरी हाताखाली राबायचं, डायरी लिहायची आणि सही-शिक्का आणायचा. तिचा पहिला धडा होता एक्सेलची शीट. तिला ते लोक शो-फ्लो म्हणतात. सात वाजून दहा मिनिटांनी वधूची एन्ट्री, सात चौदाला धूर, सात सोळाला फुलांचा वर्षाव, आणि प्रत्येक ओळीसमोर कुणी काय करायचं त्याचं नाव.

चाचांचा शो-फ्लो डोक्यात असे आणि त्याची सुरुवात पाण्यापासून होई. विदर्भात लगनसराई ऐन उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडत असताना. लग्नघरी गेल्यावर चाचा नवरामुलगा कोण, मुहूर्त कधी यातलं काही विचारत नसत. विहीर कुठे आहे, नळ किती वाजता येतो, रांजण ठेवायला सावली कुठे, एवढंच आधी पाहत. "बेटा, पहले पानी देख, मंडप बाद में." मग अंगणाच्या मधोमध उभं राहून ते पश्चिमेकडे हात करत. चारच्या सुमाराला ऊन कुठून आत घुसेल त्या बाजूला कनात. पंगत कुठे बसेल ते वाऱ्यावरून ठरे, कारण पळसाच्या पत्रावळी वाऱ्याने उडाल्या की वरण-भातासकट उडतात. शेवटी वाळ्याचे कूलर. बाहेरगावची माणसं नागपूर म्हटलं की संत्रं म्हणतात. लग्नात बसलेल्या माणसाला विचाराल तर तो कूलर म्हणेल. कूलरसमोरची जागा कुणाची यावरून दोन घराण्यांत अबोला धरलेला मी पाहिला आहे.

जेवणाऱ्यांची मोजणी पानांत होई. पत्रिका किती छापल्या याला चाचांच्या लेखी किंमत नव्हती. चूलबंद आवतन किती घरांना आहे, हे ते विचारत. ज्या घरची चूलच त्या दिवशी पेटणार नाही तिथून आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे येणार, हे गृहीत. त्यावरून ते आचाऱ्याला पानांचा आकडा सांगत. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. फार हौस असली तर वडाभात. चाचांचा आकडा फारसा चुकत नसे, कारण सदरातल्या कुठल्या घरात किती तोंडं आहेत हे त्यांना रेशन दुकानदाराइतकंच ठाऊक होतं.

भाचीकडे आता व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवून कोण येणार, किती येणार ते विचारतात. नागपूरकर "येतो नं" या बटणावर बोट ठेवतो आणि येत नाही. किंवा एकटा येतो म्हणतो आणि मेहुण्याच्या दोन पोरांना घेऊन येतो. केटररकडे प्लेटा मोजून पैसे द्यायचे असतात, त्यामुळे तिची वरिष्ठ मॅडम आलेल्या आकड्यात स्वतःच्या अंदाजाने भर घालते. हा अंदाज कशावरून, असं मी विचारलं. "मामा, ते एक्सपीरियन्सवरून." चाचा हेच म्हणाले असते, फक्त हिंदीत.

समारंभात बिनपगारी राबणारे विद्यार्थी ही नागपूरची जुनी रीत. डिसेंबर 1920 मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा चौदा हजारांवर प्रतिनिधी आले होते. जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते. इतक्या लोकांची राहण्या-जेवण्याची, दिवाबत्तीची, संडासाची सोय स्वयंसेवकांनी केली. ज्या भागात मांडव पडला त्याचं नाव काँग्रेसनगर पडलं ते आजतागायत. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला, तिथेही समता सैनिक दलाची तरुण पोरं उभी होती, आणि दर दसऱ्याला अजून असतात. जानेवारी 1975 मध्ये पहिलं विश्व हिंदी संमेलन नागपुरात झालं. इंदिरा गांधी उद्घाटनाला आणि मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम प्रमुख पाहुणे. माझे काका तेव्हा कॉलेजात होते. पाहुण्यांना मुक्कामापासून मांडवापर्यंत नेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. छातीवर लावलेला कापडी बिल्ला त्यांनी पुढे कितीतरी वर्षं कपाटात जपला. तोच त्यांचा सही-शिक्का.

सदरच्या पोरांना आणखी एक मैदान होतं, व्हीसीएचं, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं. 1969 साली न्यूझीलंडविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. 31 ऑक्टोबर 1987 ला विश्वचषकात चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली आणि त्याच दिवशी गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकमेव शतक ठोकलं. वस्तीतली पोरं त्या दिवशी पाण्याच्या बादल्या आणि खुर्च्या वाहायला आत होती. पास मिळवायचा तो एक मार्ग. गर्दी कुठून आत शिरते, कुठे तुंबते, हे आम्ही तिथे नुसतं पाहत होतो, शिकत नव्हतो. त्या गर्दीत कुणाला काही झालं तर काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. नोव्हेंबर 1995 मध्ये त्याच मैदानावर एकदिवसीय सामना सुरू असताना प्रेक्षक गॅलरीची भिंत कोसळून माणसं दगावली. 2008 पासून मोठे सामने जामठ्याला गेले.

आमच्या काळाचं कौतुक करताना माझी जीभ या ठिकाणी अडखळते. भाचीच्या फाइलमध्ये प्रत्येक कार्यक्रमाचा नकाशा असतो आणि बाहेर पडायची दारं त्यावर लाल शाईने दाखवलेली असतात. अग्निशमन विभागाचं ना-हरकत, पोलिसांची परवानगी, गाणी वाजवायचा परवाना, दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद. आम्ही खांबावर आकडा टाकून मांडवात वीज आणत होतो. कापडी छताखाली गॅसबत्त्या टांगत होतो, त्याच्याखाली लहान मुलं झोपवत होतो. काही झालं नाही, ते नशीब.

आणि चाचांकडे मुलगी नव्हती. म्हणजे शिकायला. माझ्या मोठ्या बहिणीला पानांचा हिशेब माझ्यापेक्षा लवकर जमे. कुठल्या काकूंचा मान आधी, कुठल्या आत्याबाई कशावरून रुसतील, हे तिला न सांगता कळे. समारंभ सुरळीत पार पडायला या ज्ञानाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पण तिला कुणी बिछायतीच्या दुकानात उभं केलं नाही. तिचं काम रांगोळी काढणं आणि हळदकुंकवाचं ताट धरणं. तिचीच मुलगी आता कानात यंत्र घालून मांडवभर फिरते आणि दुप्पट वयाच्या लाइटवाल्याला "दादा, स्टेज काळं करा" म्हणून सांगते, आणि तो करतो. रात्री एक वाजता कॅबमध्ये बसली की ठिकाण कळेल असं लोकेशन आईला पाठवते. वर्ध्याला बहीण ते निळं टिंब वसतिगृहाशी पोचेपर्यंत जागी असते.

पैशाचं मात्र तेव्हाचं बरं होतं, असं मला वाटतं. चाचा लग्न उरकल्यावर खिशात हात घालत, जे निघेल ते देत आणि पंगतीला आपल्या शेजारी बसवत. आता काही ठिकाणी प्रवासखर्चही देत नाहीत. मुलांना तासांची गरज आहे हे ठाऊक असतं, म्हणून त्यांच्याकडून पूर्ण पगारी माणसाचं काम करून घेतात आणि हातावर प्रमाणपत्र ठेवतात. भाचीला निदान रात्रीची कॅब आणि एक प्लेट मिळते. प्लेट बहुधा सगळे जेवून गेल्यावर, पनीर संपल्यावर.

चाचांच्या गल्लीत आता त्यांचा नातू बसतो. सतरंज्या गेल्या, कनाती गेल्या. दुकानात लोखंडी ट्रस, एलईडीच्या पाट्या आणि धुराची यंत्रं. माल ठेवायला कोराडी रोडला गोदाम, कारण लग्नं आता लॉनवर होतात आणि लॉन सगळे शहराबाहेर. अंगणात लग्न करायला सदरात अंगणं कुठे उरली? नातवाला सतरंजीची घडी येते का, ते मी विचारलं नाही. उन्हाळ्यातल्या लग्नाला मात्र तो अजून आधी टँकरवाल्याला फोन करतो.

भाचीच्या ओजेटीच्या डायरीत वेळेचा रकाना आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. तिचं खरं काम सुरू होतं पाचनंतर. रात्रीचे तास ती दुसऱ्या दिवशीच्या दुपारी लिहिते; मार्गदर्शक सर ते ओळखून सही करतात. "काय शिकलात" या रकान्यात तिने परवा लिहिलं की वराचे मामा पहिल्या रांगेत बसले नाहीत तर कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू होतो. सरांनी त्याखाली रेघ मारून "मुद्देसूद लिहा" असा शेरा दिला. याहून मुद्देसूद काय असतं, मला कळलं नाही.

सध्या तिच्या डोक्याला वेगळाच ताप आहे. डिसेंबरातलं एक लग्न, वऱ्हाड पुण्याहून येणार, चाळीस खोल्या हव्यात, आणि नेमकं तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. आमदार, अधिकारी, त्यांचे गाडीवाले, निवेदनं घेऊन येणारी माणसं. त्या दिवसांत नागपुरात लॉजची खाटसुद्धा हाती लागत नाही. सगळी संकेतस्थळं पालथी घालून तिने मला फोन केला, "मामा, तुमच्या ओळखीचं कुणी?" मी जुनी डायरी काढली. पहिला नंबर सहा आकडी निघाला, तो बाद. दुसरा लागला. छावणीकडचे एक गृहस्थ, वडिलांच्या स्नेह्यांचे चिरंजीव, वरचा मजला भाड्याने देतात. सात खोल्या मिळाल्या. तेहतीस अजून शोधायच्या आहेत.